गॉस ते टेस्ला : चुंबकीय एककांची नामावळी

पदार्थविज्ञान शिकवत असताना दर वर्षी एक प्रश्न मला हमखास विचारला जाई. हवेतले चुंबकीय क्षेत्र गॉसमध्ये मोजा किंवा ओर्स्टेडमध्ये, आकडा तोच येतो. मग दोन नावे कशाला? ‘बी’ आणि ‘एच’ या दोन राशी वेगळ्या आहेत, असे परीक्षेपुरते उत्तर मी देत असे. निवृत्तीनंतर या नावांचा इतिहास सवडीने वाचू लागलो, तेव्हा लक्षात आले की मुलांच्या आधी हा घोळ शास्त्रज्ञांनीच घातला होता आणि तो निस्तरायला त्यांना तीस वर्षे लागली होती.

पृथ्वी हीच एक मोठा चुंबक आहे, असे विल्यम गिल्बर्ट या इंग्रज वैद्याने १६०० साली आपल्या ग्रंथात मांडले. सुई उत्तरेकडे का वळते, याचे उत्तर त्यामुळे मिळाले. पण तिला वळवणारे बल किती, हा प्रश्न पुढे दोन शतके तसाच राहिला. अलेक्झांडर फॉन हुंबोल्ट दक्षिण अमेरिकेच्या प्रवासात सुईची आंदोलने मोजत असे. आंदोलने जलद म्हणजे बल जास्त. पेरू देशातल्या एका ठिकाणचे बल त्याने ‘एक’ मानले आणि बाकीच्या जागा त्याच्याशी ताडून पाहिल्या. यात एक मोठी अडचण होती. सुईचे स्वतःचे चुंबकत्व काळानुसार कमी होते. आंदोलने मंदावली तर पृथ्वी बदलली की सुई, हे कसे ठरवायचे?

ही अडचण कार्ल फ्रीडरिश गॉसने सोडवली. गॉटिंगेनच्या वेधशाळेचा हा प्रमुख गणिती म्हणून आधीच जगविख्यात होता. त्याची युक्ती मला आजही वर्गात फळ्यावर मांडावीशी वाटते. टांगलेल्या चुंबकाच्या आंदोलनकाळावरून चुंबकाचे बल आणि पृथ्वीचे क्षेत्र यांचा गुणाकार मिळतो. तोच चुंबक दुसऱ्या सुईजवळ ठेवून ती किती अंशांनी ढळते हे पाहिले, की त्याच दोन राशींचा भागाकार मिळतो. गुणाकार आणि भागाकार दोन्ही हाती आले, की चुंबकाचे बल गणितातून बाहेर काढता येते. उरते ते फक्त पृथ्वीचे क्षेत्र, आणि तेही लांबी, वस्तुमान व काळ यांच्या भाषेत. डिसेंबर १८३२ मध्ये गॉसने हा निबंध वाचला. आता पेरूतल्या जागेची गरज राहिली नाही. कोणीही, कुठेही, कोणताही चुंबक घेऊन मोजावे आणि आकडे एकमेकांशी ताडून पाहावेत, हे शक्य झाले.

या कामात विल्हेल्म वेबर त्याच्या सोबत होता. १८३३ मध्ये दोघांनी वेधशाळा आणि भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा यांच्यामध्ये तारायंत्र चालवले. पण १८३७ मध्ये हानोफरच्या नव्या राजाने राज्यघटना रद्द केली. सात प्राध्यापकांनी निषेधपत्रावर सह्या केल्या आणि सातही जणांना नोकरी गमवावी लागली. त्यांत परीकथा गोळा करणारे ग्रिम बंधू होते आणि वेबरही होता. गॉसने सही केली नाही. वेबरला गॉटिंगेनमधली आपली जागा १८४९ मध्ये परत मिळाली. आज दोघांचीही नावे एककांना आहेत. एककांच्या तक्त्यात मात्र सह्यांचा हिशेब कुठेच दिसत नाही.

नावे देण्याचे काम पुढे परिषदांनी केले. १९०० मध्ये पॅरिसच्या विद्युत परिषदेने फ्लक्सच्या एककाला मॅक्सवेल आणि क्षेत्राच्या तीव्रतेला, म्हणजे ‘एच’ला, गॉस असे नाव दिले. अनेक अभियंते मात्र गॉस हे नाव ‘बी’साठी वापरू लागले. हाच तो घोळ. १९३० मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युततांत्रिक आयोगाने गॉस ‘बी’ला देऊन टाकला आणि ‘एच’साठी डेन्मार्कच्या हान्स क्रिश्चन ओर्स्टेडचे नाव घेतले. विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई ढळते, हे १८२० मध्ये त्यानेच दाखवले होते. चुंबकचालक बलाच्या एककाला गिल्बर्टचे नाव मिळाले. म्हणजे माझ्या विद्यार्थ्यांचा प्रश्न खरा तर त्या आयोगाकडे जायला हवा होता.

गंमत पुढेच आहे. गॉसने स्वतः मिलिमीटर, मिलिग्रॅम आणि सेकंद वापरले होते. त्या मापात गॉटिंगेनचे आडवे क्षेत्र सुमारे १.७८ आले. सेंटिमीटर, ग्रॅम आणि सेकंद घेतले तर तेच क्षेत्र ०.१७८ गॉस होते. म्हणजे गॉसने वापरलेले एकक हे आजच्या गॉसचा दहावा भाग आहे. टेस्लाची गोष्ट याहून वेगळी. फिरत्या चुंबकीय क्षेत्रावर मोटर चालवणारा हा अभियंता १९४३ मध्ये वारला. ‘वेबर प्रति चौरस मीटर’ या लांबलचक एककाला त्याचे नाव मिळाले ते १९६० मध्ये. एक टेस्ला म्हणजे दहा हजार गॉस. रुग्णालयातल्या एमआरआय यंत्रावर ‘१.५ टेस्ला’ असे वाचतो, तेव्हा आपण पृथ्वीच्या क्षेत्राच्या हजारो पट मोठ्या क्षेत्राजवळ उभे असतो.

हे सगळे गॉटिंगेन आणि पॅरिसचेच राहिले असते, तर मी हा लेख लिहिला नसता. गॉसच्या पद्धतीमुळे जगभर वेधशाळांचे जाळे उभे राहिले आणि त्यात मुंबईची कुलाबा वेधशाळाही होती. १८४० च्या दशकापासून तिथे चुंबकीय नोंदी होऊ लागल्या. १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टनने सूर्यावर तेजाचा स्फोट पाहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुलाब्याचा चुंबक बिथरला. युरोपातल्या काही वेधशाळांत नोंदीची रेषा कागदाच्या कडेबाहेर निघून गेली. कुलाब्यात निरीक्षक डोळ्यांनी पाहून आकडे लिहीत होते, म्हणून ते वादळ वहीत उतरले.

त्या काळी ब्रिटिश वेधशाळा फूट, ग्रेन आणि सेकंद यांत हिशेब करत. त्यांचे एकक म्हणजे सुमारे ०.०४६ गॉस. पण गुणक ठाऊक असला की रूपांतर हा साधा गुणाकार असतो. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञांचा सहभाग असलेल्या एका गटाने कुलाब्याच्या जुन्या नोंदी आजच्या मापात मांडल्या. आडवे क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी, म्हणजे जवळजवळ चार टक्क्यांनी घसरले होते. एवढे मोठे सौर वादळ आज आले तर उपग्रहांचे आणि वीजजाळ्यांचे काय होईल, याचा अंदाज बांधताना हा आकडा आधाराला घेतला जातो.

पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार असे दिसू लागले. ट्रामच्या विजेने सुया बिघडल्या असत्या, म्हणून चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली गेली. तिथली इमारत लोखंडाशिवाय बांधली. संचालक नानाभाई मूस यांच्या काळात १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. जुनी मालिका नवीशी जुळावी, एवढाच त्यामागचा हेतू होता. गॉसनेही याहून वेगळे काही मागितले नव्हते.

१८५९ च्या त्या सकाळी कुलाब्यात सुईसमोर बसलेल्यांचे नाव कोणत्याही एककाला नाही. त्यांनी आकडे नीट उतरवून ठेवले आणि ते आजही वाचता येतात. तो प्रश्न आता कोणी विचारला, तर गॉस आणि ओर्स्टेडचे उत्तर देऊन झाल्यावर मी त्या वहीची गोष्टही सांगेन.