लोंबती त्वचा काढण्याची शस्त्रक्रिया आणि आरोग्यविमा (बेंगळुरू)

वजन मोठ्या प्रमाणात उतरल्यावर पोट, दंड, मांड्या व छातीवर उरणारी सैल कातडी काढण्याचा खर्च मेडिक्लेममधून मिळण्यासंबंधीचे नियम आणि व्यवहार. पोटाबाबत शस्त्रक्रियेचे मुख्य प्रकार दोन : झालरीसारखा लोंबणारा त्वचा-चरबीचा पदर तेवढा काढणे (पॅनिक्युलेक्टमी) आणि त्यासोबत पोटाचे स्नायूही आवळून घेणे (ॲब्डॉमिनोप्लास्टी, रुग्णांच्या बोलण्यात ‘टमी टक’). पहिली आजारासाठी आणि दुसरी रूपासाठी, अशी ढोबळ वाटणी केली जाते. ऑपरेशनच्या टेबलावर ती इतकी सरळ नसते.

वर्षानुवर्षे ताणलेल्या त्वचेतले लवचीक तंतू तुटलेले असतात. वजन गेले तरी ती परत आवळत नाही आणि व्यायामाचाही तिच्यावर इलाज चालत नाही. घडीत घाम साचून बुरशी धरते, कातडी सोलवटते, चालताना मांड्या घासतात. वजन उतरवणाऱ्या (बॅरिआट्रिक) शस्त्रक्रियेनंतर साधारण 12 ते 18 महिने थांबून, वजन स्थिरावल्यावर व रक्तातली प्रथिने आणि लोह पाहून सर्जन हे काम हाती घेतात.

विम्याचा प्रश्न दोन कलमांत अडकतो. विमा नियामक प्राधिकरणाने (आयआरडीएआय) सप्टेंबर 2019 मध्ये आरोग्यविम्यातील वगळण्यांची भाषा देशभर एकसारखी केली. त्यातील 6 क्रमांकाचे कलम लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेला अटींवर वाट देते : वय किमान 18, बीएमआय 40 किंवा अधिक, अथवा 35 किंवा अधिक आणि सोबत हृदयविकार, झोपेत श्वास अडखळण्याचा तीव्र विकार किंवा आटोक्यात न येणारा मधुमेह यांसारखी व्याधी. 8 क्रमांकाचे कलम सौंदर्यशस्त्रक्रिया व प्लास्टिक सर्जरी वगळते. त्याला अपवाद अपघात, भाजणे व कर्करोगानंतरच्या पुनर्रचनेचा, तसेच आरोग्याला असलेला ‘थेट व तातडीचा’ धोका दूर करण्यासाठी आवश्यक आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी तसे प्रमाणित केलेल्या उपचारांचा. लोंबत्या त्वचेचे नाव दोन्हीकडे नाही. परिणामी वजन उतरवणारी शस्त्रक्रिया विम्यात बसते आणि तिच्यामुळेच उद्भवलेली दुसरी बाहेर राहू शकते. महिनोन्‌महिने चिघळणाऱ्या पुरळाला ‘थेट’ म्हणता येईल, पण ‘तातडीचा’ ठरवताना विमा कंपनीचा डॉक्टर हमखास अडतो. हा शब्द अशा रुग्णांसाठी बेतलेलाच नाही.

म्हणून कागदावर काय लिहिले आहे, याला अवाजवी महत्त्व येते. रुग्णालय भरते त्या फॉर्मवर रोगाचा आयसीडी-10 संकेतांक असतो. घडीतल्या दाहाचा ‘एल 30.4’, तर रूपासाठीच्या प्लास्टिक सर्जरीचा ‘झेड 41.1’. दुसरा पडला की पुढचा पत्रव्यवहार बहुधा व्यर्थ. त्वचारोगतज्ज्ञांच्या जुन्या चिठ्ठ्या, मलम-गोळ्यांनी गुण न आल्याच्या नोंदी, घडी उचलून घेतलेली तारखेसह छायाचित्रे आणि वजनाचा आलेख हा खरा पुरावा. अमेरिकेतील अनेक विमा कंपन्या पदर जघनास्थीखाली उतरला आहे का, उपचार तीन महिने करून पाहिले का, असे निकष लेखी देतात. आयआरडीएआयच्या कलमात तसे मोजमाप नाही. पोटाच्या भिंतीचा हर्निया असल्यास प्रतीक्षाकाळ संपलेल्या रुग्णाला त्याच्या दुरुस्तीचे पैसे मिळू शकतात आणि कातडीचा भाग बिलातून कापला जातो.

बेंगळुरूत आयटी कंपन्यांतील पुष्कळांचा विमा नोकरीबरोबर आलेला असतो. अशा गटविम्याच्या अटी कंपनी व विमाकर्ता आपसांत ठरवतात, त्यामुळे एचआरने दिलेल्या तक्त्यावर न थांबता मूळ पॉलिसी मागून वाचावी. आणखी एक अडचण या शहराच्या स्वभावातलीच : दोन शस्त्रक्रियांमधल्या दीड वर्षात नोकरी बदलली, तर दुसरीच्या वेळी पॉलिसी आणि दावे हाताळणारी त्रयस्थ संस्था (टीपीए) दोन्ही नवे असू शकतात. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबांना 5 लाखांपर्यंत संरक्षण देणाऱ्या आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेतही निव्वळ सौंदर्यासाठीचे उपचार बसत नाहीत.

दावा फेटाळल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी लागते. महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा ते न पटल्यास एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. कर्नाटकासाठीचे कार्यालय जे. पी. नगरातील जीवन सौधा इमारतीत आहे. तिथे शुल्क नाही, वकील चालत नाही. भरपाईची मर्यादा 2023 पासून 50 लाख. निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. तक्रारदाराला मात्र ग्राहक आयोगाचे दार उघडे राहते. वगळणुकीचे कलम लागू होते हे सिद्ध करण्याचा भार विमा कंपनीवर असतो, असे सर्वोच्च न्यायालयाने टेक्सको मार्केटिंग विरुद्ध टाटा एआयजी या 2022 च्या निकालात म्हटले. तो खटला आगविम्याचा होता, पण तत्त्व इथेही मांडता येते.

मार्च 2025 मध्ये टिर्झेपेटाइड (माउंजारो) भारतात विक्रीस आल्यापासून इंजेक्शनवर वजन उतरवणाऱ्यांचा नवा वर्ग तयार झाला. त्यांच्या फायलीत बॅरिआट्रिकचा मंजूर दावा नसतो. पूर्वीचे वजन आणि पुरळावरचे उपचार यांची नोंद त्यांना स्वतःच जमवून ठेवावी लागते.