गिरणीवाल्याचा मुलगा आणि दरबार

१५५६ साली ल्यों येथे छापलेल्या एका संगीतविषयक पुस्तकात वाद्यांचीही प्रतवारी केलेली आढळते. व्हायोल हे उमरावांचे व व्यापाऱ्यांचे वाद्य. व्हायोलिन मात्र त्यावर पोट भरणाऱ्यांचे.

फ्लॉरेन्सच्या एका गिरणीवाल्याचा मुलगा जाँ-बातिस्त लुली १६४६ साली फ्रान्समध्ये आला, तो राजाच्या चुलतबहिणीच्या घरी नोकर म्हणून. व्हायोलिन आणि नृत्य यांच्या बळावर १६५३ साली तो चौदाव्या लुईचा वाद्यसंगीतकार झाला आणि १६६१ साली दरबारी संगीताचा प्रमुख. तरीही १६६२ सालच्या लग्नाच्या करारात त्याने आपला बाप 'फ्लॉरेन्सचा कुलीन गृहस्थ' असल्याची नोंद केली. दरबाराला त्याची कला चालत होती. त्याचा बाप चालत नव्हता.

१६७२ साली ऑपेराचा मक्ता त्याच्या हाती आला. पुढच्याच वर्षी त्याने राजाज्ञा मिळवून इतर नाटकमंडळ्यांना दोन गायक आणि सहा वादक एवढ्यावरच बांधून टाकले. १६८१ साली तो राजाचा सचिव झाला आणि त्या पदाबरोबर उमरावकीही आली.

वर पोचलेल्याने मागच्यांची वाट अडवली, हा दोष लुलीचाच. पण ज्याला गुण हवा होता आणि गिरणीवाला नको होता, त्या दरबाराला या हिशेबातून सोडता येणार नाही.