कार्व्हिंग : बर्फावर कोरलेले वळण

आल्प्समधील एखाद्या स्की केंद्रावर सकाळी पहिली चेअरलिफ्ट सुरू होते, तेव्हा खालचा उतार कॉर्डरॉयच्या कापडासारखा दिसतो. बर्फ दाबणाऱ्या यंत्रांनी रात्रीतून त्यावर बारीक समांतर पन्हळी उमटवलेल्या असतात. पहिले दहा-बारा जण त्यावरून खाली गेले की लिफ्टमधून वर जाणाऱ्याला दोन प्रकारच्या खुणा दिसू लागतात. बऱ्याच ठिकाणी ओल्या फडक्याने पाटी पुसावी तसे रुंद फराटे असतात. एखाद्याच ठिकाणी मात्र पन्हळींना सुरीने चिरत गेलेल्या दोन बारीक रेघा, रुळांसारख्या समांतर, डावीकडून उजवीकडे वळत गेलेल्या असतात. फराटा म्हणजे घसरत घेतलेले वळण. रेघा म्हणजे ‘कार्व्हिंग’, अर्थात स्कीच्या कडेने कोरत नेलेले वळण.

घसरत्या वळणात स्कीचे टोक एका दिशेला असते आणि स्की जाते दुसऱ्याच दिशेला. बर्फ बाजूला लोटला जातो आणि वेग कमी होतो. कार्व्हिंगमध्ये स्कीचे टोक जेथून गेले, नेमके तेथूनच तिचे मधले अंग आणि शेपूटही जाते. बर्फ लोटला जात नाही, त्यामुळे ब्रेकही लागत नाही. व्याख्या एवढीच असली तरी ती पायांत उतरायला अनेकांना कित्येक हंगाम लागतात.

मध्यावरचा मुक्काम

स्कीइंगची पहिली पायरी म्हणजे ‘स्नोप्लाऊ’. दोन्ही स्कीची टोके जवळ व शेपट्या लांब ठेवून, नांगरासारखा कोन करून हळूहळू उतरायचे. त्यानंतर दोन्ही स्की समांतर ठेवून वळता येऊ लागते. युरोपातील निळ्या खुणेचे सोपे उतार आणि लाल खुणेचे मध्यम उतार असा माणूस न पडता उतरू शकतो. येथेच बहुतेकांची प्रगती थांबते. याचे कारण भीती किंवा आळस हे नसून आधी शिकलेले कौशल्यच असते. वळण सुरू होताच टाचा बाहेर ढकलून स्की झटकन आडवी करायची, म्हणजे वेग आटोक्यात राहतो, हे शरीराने पक्के केलेले असते. कार्व्हिंग शिकणाऱ्याला हीच सवय मोडावी लागते. स्कीला वळवायचे नाही, फक्त कलवायचे आणि ती वळेपर्यंत थांबायचे. हे थांबणे सेकंद-दोन सेकंदांचेच असते. पण त्या वेळात स्की थेट उताराच्या दिशेने धावत असते आणि तिला रोखणारे काहीच नसते.

कंबर बारीक का?

स्की आपण होऊन वळते, यात चमत्कार नाही. दुकानातील स्कीवर १२२-६८-१०४ असे तीन आकडे छापलेले आढळतात. टोकाकडची, मधली आणि शेपटीकडची रुंदी ते मिलिमीटरमध्ये सांगतात. मधला भाग अरुंद असल्याने स्कीच्या दोन्ही कडा आत गेलेल्या, मोठ्या वर्तुळाच्या तुकड्यासारख्या असतात. या घडणीला ‘साइडकट’ म्हणतात. वरील मापाच्या स्कीची सुमारे दीड मीटर कड बर्फाला टेकत असेल, तर त्या वर्तुळाची त्रिज्या साधारण साडेबारा मीटर भरते. उत्पादक ही त्रिज्या स्कीवरच छापतात.

अशी स्की टेबलावर कडेवर तिरकी धरली तर टोक आणि शेपूट टेकते, कमरेखाली मात्र फट राहते. बर्फावर माणसाचे वजन ती फट दाबून बुजवते आणि स्की धनुष्यासारखी वाकते. वाकलेली कड बर्फात स्वतःच पाडलेल्या खाचेतून पुढे सरकते, म्हणजेच वळते. कल जितका जास्त, तितके वाकणे जास्त आणि वळण लहान. ६० अंश कललेल्या स्कीची त्रिज्या छापील आकड्याच्या निम्मी होते.

कंबरदार स्की ही तशी जुनी गोष्ट. नॉर्वेतील टेलेमार्क प्रांताच्या मॉर्गेडाल गावचा सोंद्रे नुरहाइम १८६८ मध्ये तेव्हाच्या क्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लो शहरातील स्पर्धेत उतरला, तेव्हा त्याच्या वळणांनी लोक थक्क झाले होते. त्याच्या स्की मध्ये अरुंद होत्या. पुढे शतकभर मात्र ही कंबर अगदी नावापुरती राहिली. कडेचा बाक सात-आठ मिलिमीटरचा आणि लांबी दोन मीटर. अशा स्कीचे नैसर्गिक वळण पन्नास मीटरच्या आसपास त्रिज्येचे असे. तिच्यावर कार्व्हिंग करायचे तर प्रचंड वेग आणि शर्यतपटूची ताकद हवी. सामान्य माणसाला घसरत वळण्यावाचून पर्याय नव्हता.

ही परिस्थिती बदलली ती स्लोव्हेनियातील बेगुन्ये या गावातून. तेथील ‘एलान’ ही कंपनी स्वीडनच्या इंगेमार स्टेनमार्कमुळे जगाला ठाऊक होती. याच कंपनीच्या स्कीवर त्याने विश्वचषक मालिकेतील ८६ शर्यती जिंकल्या, आणि त्याचा तो विक्रम २०२३ मध्ये अमेरिकेच्या मिकाएला शिफ्रिनने मागे टाकेपर्यंत टिकून होता. युरी फ्रांको आणि पावेल श्कोफिच या कंपनीच्या अभियंत्यांनी कडेचा बाक एकदम तिपटीने वाढवून पाहिला. त्यातून १९९३ मध्ये ‘एससीएक्स’ ही स्की आली. तिच्या फुगीर टोकांना सुरुवातीला हसणारेही होते. पण दशक संपता संपता जवळपास सर्वच कंपन्या त्याच आकाराच्या स्की विकू लागल्या. शर्यतपटूंची मक्तेदारी असलेले वळण त्यामुळे सुट्टीत आठवडाभर स्कीइंग करणाऱ्यांच्या आवाक्यात आले.

सवय मोडताना

सरावासाठी उतार सोपा हवा. कार्व्हिंग शिकायचे म्हणून कठीण उतारावर जाणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. तेथे वेगाची धास्ती वाटताच टाचा आपोआप बाहेर ढकलल्या जातात. रुंद, गर्दी नसलेला, खाली आपोआप सपाट होत जाणारा उतार सर्वांत चांगला. वेळ सकाळची. दुपारपर्यंत पन्हळी मोडून बर्फाचे ढीग होतात, आणि आपण काय केले हे दाखवणारी खूणही दिसेनाशी होते.

पहिला सराव उताराला आडवे जाण्याचा. दोन्ही घोटे डोंगराच्या बाजूला किंचित कलवावेत आणि काहीही न करता जाऊ द्यावे. स्की हळूहळू वरच्या बाजूला वळत जाऊन थांबते. मग मागे वळून पाहावे. दोन स्वच्छ रेघा असतील तर साधले. शेवटी शेवटी फराटा असेल तर टाच ढकलली गेली आहे. प्रशिक्षकाची नजर चुकू शकते, बर्फावरची रेघ चुकत नाही.

दुसरा सराव ‘रेल्वे रुळांचा’. सौम्य उतारावर सरळ खाली जात पायांत नितंबांइतके अंतर ठेवायचे आणि दोन्ही घोटे व गुडघे एकत्र डावीकडे, मग उजवीकडे कलवायचे. खांदे फिरवायचे नाहीत, उड्या मारायच्या नाहीत. वळणे फार उथळ येतात, त्याची चिंता नको. येथे एक बारकावा आहे. बहुतेकांचा बाहेरचा पाय चटकन कलतो, आतला मात्र मागे राहतो, आणि दोन्ही स्कीचा ‘ए’ अक्षरासारखा कोन होतो. आतल्या पायाच्या करंगळीवर भार देऊन त्याचा गुडघा वळणाच्या आत न्यावा, म्हणजे तो मोकळा होतो.

खरी कसोटी लागते ती वळणे जोडताना. पाण्याचा ओघळ ज्या रेषेने खाली जाईल, तिला ‘फॉल लाइन’ म्हणतात. एक वळण संपले की स्की क्षणभर सपाट करून, त्या रेषेकडे वळण्याआधीच नव्या कडांवर घ्यावी लागते. म्हणजे शरीर काही काळ स्कीच्या पलीकडे, दरीच्या बाजूला झुकलेले असते. मन याला सहज तयार होत नाही. शिकणारा मागे रेलतो, टाचा फिरवतो, अर्धे वळण घसरून काढतो आणि उरलेले अर्धे कार्व्ह करतो. त्याच्या मागे ‘एस’ऐवजी ‘झेड’सारखी खूण उमटते. उपाय दोन : नडगी बुटाच्या पुढच्या भागाला टेकलेली ठेवणे, आणि वळण सुरू होताना सावकाश तीन आकडे मोजणे.

भार बहुतांशी बाहेरच्या स्कीवर हवा. वळताना आतली स्की थोडी उचलून पाहावी. तोल जात असेल तर भार चुकीच्या पायावर आहे.

वेगाचे गणित

सायकलस्वार वळताना आत झुकतो तसेच येथेही आहे, आणि झुकणे वेगावर ठरते. साडेबारा मीटर त्रिज्येच्या स्कीचा ढोबळ हिशेब असा : ताशी २० किलोमीटर वेगाला समतोलासाठी सुमारे १५ अंशांचा कल पुरतो, ताशी ३० ला ३५ अंश लागतात, ताशी ३५ ला थेट ५०. ताशी ४० च्या आसपास हे समीकरण सुटतच नाही, कारण वेग वाढताच कल वाढतो, कल वाढताच वळण लहान होते आणि बाहेर फेकणारा जोर आणखी वाढतो. नवख्याला ‘स्की अचानक निसटली’ असे वाटते, त्यामागे पुष्कळदा हेच असते. मोठ्या वेगाच्या शर्यतींसाठी स्कीची त्रिज्याही मोठी असते ती याचमुळे.

स्की शरीरापेक्षा किंचित अधिक कललेली हवी, नाहीतर कड सुटते. म्हणून गुडघे आणि नितंब वळणाच्या आत, छाती मात्र बाहेरच्या स्कीवर, अशी ठेवण शिकवतात. नुसते अंग झोकून देणे चित्रात छान दिसते. बर्फावर ते आतल्या बाजूला पाडते.

मग वेग आवरायचा कसा? वळण पूर्ण करून. स्की उताराला आडवी होऊन किंचित वरच्या बाजूला जाईपर्यंत तिच्यावर राहिले की चढच वेग खातो. वळणे अर्धवट सोडून घाईने पुढचे घेणाऱ्याचा वेग प्रत्येक वळणागणिक वाढत जातो. उतार फार तीव्र असेल तेव्हा सरळ घसरत वळावे. जगातले उत्तम शर्यतपटूही गरज पडताच थोडे घसरतात, त्यात कमीपणा नाही.

गुडघा आणि शेजारी

कमरेत फार बारीक असलेली स्की कड पकडली की सहज सोडत नाही. पडताना ती गुडघ्याला पिळते आणि स्नायुबंध तुटण्याची भीती असते. दुखापतींच्याच कारणाने आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०१२-१३ च्या हंगामापासून पुरुषांच्या जायंट स्लॅलमच्या स्कीला किमान ३५ मीटर त्रिज्येची अट घातली. खेळाडूंनी बरीच कुरकुर केली. २०१७-१८ पासून ती ३० मीटरवर आली. हौशी स्कीपटूसाठी बूट सोडवणारे ‘बाइंडिंग’ महत्त्वाचे. ते वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि कौशल्य यांवरून तंत्रज्ञाने लावायचे असते. ‘मध्येच सुटते’ म्हणून ते स्वतः आवळणे घातक ठरू शकते.

दुसरा धोका इतरांना असतो. घसरत उतरणारा एका अरुंद पट्ट्यात राहतो. कार्व्हिंग करणारा उताराची पूर्ण रुंदी व्यापतो आणि मागून येणाऱ्याला न कळता मध्येच वर वळतो. महासंघाच्या दहा नियमांप्रमाणे खालच्या स्कीपटूला सांभाळण्याची जबाबदारी वरून येणाऱ्याची आहे. पण पाचवा नियम उतारावर वरच्या दिशेने जाणाऱ्यालाही वर-खाली पाहून घ्यायला सांगतो. नव्याने कार्व्हिंग शिकलेल्यांना नेमका याचाच विसर पडतो.

साधनांबाबत थोडक्यात. मध्यम स्कीपटूला हनुवटी ते नाक या उंचीची, कमरेत ६५ ते ७५ मिलिमीटरची, १२ ते १६ मीटर त्रिज्येची स्की योग्य. भाड्याच्या स्कीची कड नखावर हलके ओढून पाहावी. नख खरवडले जात नसेल तर धार लावून मागावी. बोथट कडेवर कोणतेही तंत्र चालत नाही. आणि बूट घट्ट हवा. सैल बुटात घोटा कलतो, स्की कलत नाही.

गुलमर्ग, औलीत?

मुंबई-पुण्याकडचे अनेक जण स्कीइंगचे पहिले धडे गुलमर्ग किंवा औली येथे घेतात. गुलमर्गची जगभरची ख्याती आहे ती अफरवाट शिखराच्या भुसभुशीत, न दाबलेल्या बर्फासाठी. २००५ मध्ये गोंडोलाचा दुसरा टप्पा सुरू झाल्यावर ती वाढली. अशा खोल बर्फात कडेला टेकू मिळत नाही. तेथे रुंद स्की आणि निराळे तंत्र लागते. त्यामुळे अफरवाटवर उत्तम उतरणारा आल्प्सच्या कडक पिस्टवर अडखळतो, आणि याच्या उलटही घडते. गुलमर्ग परिसरातीलच आरिफ खान २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये जायंट स्लॅलममध्ये ४५ वा आला. तशा शर्यतींच्या तयारीसाठी त्यालाही युरोप गाठावे लागले होते.

तरीही घोटे कलवण्याचा आणि आडवे जाण्याचा सराव गुलमर्गच्या खालच्या सौम्य उतारांवर करता येतो. रात्री कडाक्याची थंडी पडून बर्फ घट्ट झालेला असेल, त्या सकाळी लवकर निघावे. दोनशे मीटरचा उतारही पुरतो. तेवढ्यात आठ-दहा वळणे होतात, आणि वर जाताना ड्रॅग लिफ्टच्या शेजारीच आपल्या रेघा दिसतात.