रायपूर जिल्ह्यातील जंगल-सत्याग्रह

रायपूरला बदली होऊन येणाऱ्या मराठी माणसास इथल्या भोसलेकालीन खुणा कोणी ना कोणी दाखवितोच. परंतु या मुलखातील जंगलाच्या लढ्यातही मराठी नावे आहेत, हे त्यास क्वचितच कोणी सांगते.

धमतरी ही त्या काळी रायपूर जिल्ह्यातील तहसील होती. 1920 साली जवळच्या कंडेल गावावर महानदीच्या कालव्याचे पाणी चोरल्याचा ठपका ठेवून सरकारने दंड बसविला. दंड न भरणाऱ्यांची गुरे जप्त होऊन बाजारोबाजार लिलावास गेली. परंतु बोली बोलणारा कोणी निघेना. अखेर सरकारनेच माघार घेतली. पंडित सुंदरलाल शर्मा, नारायणराव मेघावाले आणि छोटेलाल श्रीवास्तव हे या लढ्याचे पुढारी होते.

जानेवारी 1922 मध्ये सिहावा-नगरी भागातील आदिवासींनी राखीव जंगलातून विनापरवाना लाकूड आणण्यास प्रारंभ केला. सरपणाची बंदी आणि जंगल खात्याची बेगार या त्यांच्या तक्रारी होत्या. लगेच अटका झाल्या. पुढच्याच महिन्यात चौरीचौऱ्यानंतर देशभरची चळवळ स्थगित झाली. सुंदरलाल शर्मा रायपूरच्या तुरुंगात हस्तलिखित पत्र काढीत राहिले.

लढा संपला, असेच कोणासही वाटले असते. परंतु 1930 साली रुद्री-नवागाव येथे राखीव जंगलातील गवत कापण्यास लोक पुन्हा जमले. मेघावाले यांना अटक झाली, गोळीबारही झाला. मधली आठ वर्षे हा लढा कशाच्या बळावर जगला? आमच्या मते उत्तर साधे आहे. सरपण आणि चारा रोज लागतो. म्हणून चळवळ स्थगित झाली, तरी तक्रार स्थगित होत नाही. शिवाय कार्यकर्ते त्याच गावचे असल्याने तुरुंगातून सुटून ते तिथेच परतत.

याला आजच्या अर्थाने पर्यावरणाची चळवळ म्हणावे काय? तेव्हाची माणसे लाकूड तोडण्याचा हक्क मागत होती. ऑक्टोबर 2021 मध्ये हसदेव अरण्यातील गावकरी सुमारे 300 किलोमीटर चालून रायपूरला आले, ते कोळशाच्या खाणींसाठी होणारी झाडांची तोड थांबवावी म्हणून. मागण्या उलट दिसतात. प्रश्न मात्र एकच आहे. जंगलाचा निर्णय कोणी करावयाचा? ग्रामसभांचे बनावट ठराव करून संमती दाखविली गेली, अशी त्यांची तक्रार होती.

राज्यपालांनी त्यांची भेट घेतली. पण त्याच महिन्यात परसा खाणीस केंद्राची वनमंजुरीही मिळाली. जुलै 2022 मध्ये विधानसभेने हसदेवमधील खाणी रद्द करण्याचा ठराव एकमताने केला, तरीही त्यानंतर झाडे तोडली गेली. सरकार परके होते तेव्हाच ते प्रतिकूल होते, असे समजून आपण मोकळे होऊ शकत नाही.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या मेजावर असले ठराव आणि अर्ज येतात. कागदावर गावाची संमती आहे म्हणून सही करण्यापूर्वी त्या गावास एकदा विचारावे, एवढे तरी आपल्या हाती आहे.