टुनटुनी : वांग्याच्या झाडावरील वीरांगना

मुलांना झोप यावी म्हणून गोष्ट सांगावी, हा आपल्याकडील रिवाज. पूर्व बंगालच्या काही भागांतील स्त्रिया मात्र ती नेमकी उलट कारणासाठी सांगत. तिन्हीसांजेला पोरे न जेवताच पेंगू लागली म्हणजे त्यांना जागे ठेवण्यासाठी! उपेन्द्रकिशोर रायचौधुरी यांनी १९१० साली ‘टुनटुनिर बोई’ प्रसिद्ध केले, तेव्हा प्रस्तावनेत त्यांनी हे सांगून ठेवले आहे. या गोष्टींतील विनोदाचे मूळ आम्हांस तेथेच दिसते. झोप उडवावयाची तर राक्षसाच्या भयापेक्षा हसूच अधिक उपयोगी.

१९०५ च्या वंगभंगानंतर स्वदेशीच्या लाटेत लोककथा गोळा करण्याचा उत्साह बंगालमध्ये उसळला होता. दक्षिणारंजन मित्र मजुमदारांची ‘ठाकुरमार झुली’ १९०७ ची. तिला प्रस्तावना रवीन्द्रनाथांची, आणि तिच्यात राजपुत्र, राक्षसिणी यांचा थाट. मयमनसिंह जिल्ह्यात १८६३ साली जन्मलेले उपेन्द्रकिशोर हे चित्रकार आणि ठसे बनविण्याच्या कलेतील तज्ज्ञ. त्यांनी तीनच वर्षांनी पुढे आणली ती अंगठ्याएवढी टुनटुनी, म्हणजे आपला शिंपी पक्षी.

वांग्याच्या झाडाची पाने चोचीने शिवून तिने घरटे केले आहे. आत तीन पिले, डोळेही न उघडलेली. खाली मांजरी येऊन चौकशी करते. टुनटुनी मान लववून तिला महाराणी म्हणते, प्रणाम करते. मांजरी फुगून परत जाते. असे रोज चालते. पुढे पिलांना पंख फुटतात. आई त्यांना शेजारच्या ताडावर उडून दाखवावयास सांगते, ती उडतात, आणि त्यानंतर मांजरी येते तेव्हा महाराणीच्या वाट्याला लाथ आणि शिवी! तिने झेप घेतली, पण मिळाले ते वांग्याचे काटे. प्रणाम किती दिवस करावयाचा याचा हिशेब टुनटुनीने पिलांच्या पंखांवरून केला होता. आमच्या मते हेच तिचे शौर्य.

दुसऱ्या गोष्टीत ती राजाशी भांडते. राजाच्या उन्हात वाळत घातलेल्या नाण्यांतील एक नाणे ती घरट्यात नेते आणि आपणही राजाइतकेच श्रीमंत आहोत असे गाते. राजाने नाणे काढून घेतले तर तो दरिद्री ठरतो, परत दिले तर भित्रा! पुढे सात राण्यांच्या हातून ती निसटते, त्यांची नाके राजाच्या हुकमाने जातात, आणि शेवटी तिच्यावर उगारलेल्या तलवारीने राजाचेच नाक उडते. १९१० साली राजसत्तेची अशी टवाळी पाळण्याजवळ चालत होती.

येथे एक भाषिक पेच आहे. बंगालीत क्रियापदाला लिंग नाही; राजाला छळणारी टुनटुनी नर की मादी, हे वाक्यावरून कळत नाही. पहिल्या गोष्टीत मात्र मांजरी तिला ‘ला’ म्हणून हाक मारते, म्हणजे आपले ‘अगं’. मराठीत आणणाऱ्याला प्रत्येक क्रियापदाला निवड करावीच लागते. आम्ही दोन्हीकडे ‘ती’च म्हणू. आपल्याकडेही बाळाची अंघोळ, तीट, काजळ अशी कारणे सांगून कावळ्याला दाराबाहेर ताटकळत ठेवणारी चिमणीच आहे, आणि तिची कथा तेराव्या शतकातील ‘लीळाचरित्रा’तही सापडते, तेथे चिमणीच्या जागी साळई आहे, इतकेच.