मांड आणि लगाम

हेलसिंकी हे फिनलंडच्या राजधानीचे नाव आम्हां मराठी माणसांच्या ओठी आले ते कऱ्हाडजवळच्या गोळेश्वर गावच्या एका पैलवानामुळे. १९५२ च्या जुलै महिन्यात खाशाबा जाधव यांनी तेथील ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताच्या खेळाडूने एकट्याच्या बळावर मिळविलेले ते पहिले ऑलिंपिक पदक. ती हकिगत बहुतेकांना ठाऊक आहे. ती पुन्हा सांगण्याचे प्रयोजन नाही. परंतु त्याच शहरात, खाशाबांच्या कुस्तीनंतर आठवडाभराच्या आत, आणखी एक पदक दिले गेले. ते मिळविणाऱ्या बाईंना विजयमंचापर्यंत आधारावाचून चालत जाता येत नव्हते. अपंग मुलांना व प्रौढांना घोड्यावर बसविण्याची जी चळवळ आज अनेक देशांत रुजली आहे, तिच्या मुळाशी हे पदक आहे. त्या चळवळीचा इतिहास आपल्यापुढे मांडावा, असा आमचा विचार आहे.

बाईंचे नाव लिस हार्टेल. जन्म १९२१, देश डेन्मार्क. १९४३ व १९४४ अशी लागोपाठ दोन वर्षे त्यांनी आपल्या देशाचे ड्रेसाजचे अजिंक्यपद मिळविले होते. ड्रेसाज हा शर्यतीचा प्रकार नव्हे. आखून दिलेल्या चौकोनी रिंगणात घोड्याला निरनिराळ्या चाली चालवून दाखवायच्या, वळवायचे, आडवे सरकवायचे, जागच्या जागी पावले टाकायला लावायची. आणि हे सर्व अशा बेताने की, स्वाराने घोड्याला काय खूण केली ती पाहणाऱ्याला दिसू नये. घोडा आपल्याच मनाने नाचतो आहे असे वाटले म्हणजे स्वार खरा.

१९४४ च्या सप्टेंबरात, वयाच्या तेविसाव्या वर्षी, लिस हार्टेल यांना पोलिओ झाला. त्या वेळी त्या दुसऱ्यांदा गरोदर होत्या. हातापायांतील बळ गेले. पुढे मुलगी सुखरूप जन्मली आणि आईने जणू मुलीबरोबरच नव्याने धडे गिरवले: प्रथम हात उचलणे, मग रांगणे, मग कुबड्यांवर उभे राहणे. हातांत व मांड्यांत काही शक्ती परत आली. गुडघ्यांखालचे पाय मात्र कायमचे गेले. अशा स्थितीत त्या पुन्हा घोड्यावर बसल्या, आणि १९४७ मध्ये स्कँडिनेव्हियातील स्पर्धेत दुसऱ्या आल्या.

येथे आम्ही आपले लक्ष एका मराठी शब्दाकडे वेधू इच्छितो. घोडदळ गेले, पागा ओस पडल्या, तरी त्या काळचे शब्द आमच्या भाषेत राहिले आहेत. त्यांतलाच एक ‘मांड’. घोड्यावर मांड टाकली, मांड पक्की बसली, असे आपण म्हणतो. ड्रेसाजचा स्वार घोड्याशी बोलतो तो मुख्यतः पोटऱ्यांनी व टाचांनी. घोड्याच्या बरगडीला पायाचा हलकासा दाब लागला की तो समजतो. लिस हार्टेल यांच्यापाशी ते साधनच उरले नव्हते. उरली होती ती मांड, कंबर व पाठ. त्यांनी आपल्या ज्युबिली नावाच्या घोडीला या नव्या भाषेची ओळख करून दिली. अंगाचा भार किंचित इकडे गेला म्हणजे काय, पाठ ताठ झाली म्हणजे काय, हे घोडी शिकली. बाईंना उचलून घोडीवर बसवावे लागे, उतरवूनही घ्यावे लागे. परंतु एकदा मांड बसली, की पुढचे काम दोघींचे.

तरीही ऑलिंपिकचे दार उघडले नसते तर हे सारे डेन्मार्कमध्येच राहिले असते. ते दार कसे उघडले, हे पाहण्यासारखे आहे. ऑलिंपिकमधील घोड्यांच्या स्पर्धा म्हणजे लष्करातील हुद्देदार अधिकाऱ्यांची जवळजवळ जहागीरच होती. हवालदाराला तेथे मज्जाव होता, आणि ड्रेसाजमध्ये स्त्रियांना तर प्रवेशच नव्हता. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या संघाने ड्रेसाजचे सुवर्णपदक जिंकले. त्या संघातील गेनाल पेर्सोन हा मुळात सार्जंट. त्याला स्पर्धेपुरते लेफ्टनंट केले होते व ती आटोपताच पुन्हा खाली उतरविले. ही गोष्ट उघडकीस आली आणि १९४९ मध्ये साऱ्या संघाचे पदक काढून घेण्यात आले. घोडा तोच, स्वार तोच, कसबही तेच. फक्त खांद्यावरची पट्टी बदलली तर जिंकलेले हरलेले ठरते! या प्रकरणाची पुष्कळ चर्चा झाली व नियम बदलला. १९५२ पासून साध्या सैनिकांना, नागरिकांना आणि ड्रेसाजमध्ये स्त्रियांनाही प्रवेश मिळाला. तोच पेर्सोन त्याच दोन सोबत्यांसह हेलसिंकीला आला व त्यांनी सुवर्णपदक पुन्हा जिंकले. एका सार्जंटवर झालेल्या अन्यायातून जे दार उघडले, त्यातून एक अपंग स्त्री आत आली.

हेलसिंकीच्या ड्रेसाजमध्ये चार स्त्रिया उतरल्या होत्या. वैयक्तिक स्पर्धेत स्वीडनचे आंरी सां सीर ५६१ गुणांनी पहिले आले. लिस हार्टेल यांना ५४१.५ गुण पडले, तर तिसऱ्या आलेल्या फ्रान्सच्या आंद्रे झुसोम यांना ५४१. म्हणजे रौप्यपदक मिळाले ते अवघ्या अर्ध्या गुणाने. पदके देण्याची वेळ आली तेव्हा सां सीर यांनी बाईंना घोडीवरून उतरण्यास हात दिला आणि विजयमंचापर्यंत साथ केली. तो प्रसंग ऑलिंपिकच्या इतिहासात अजून सांगितला जातो. आम्हांला मात्र त्या प्रसंगापेक्षा तो अर्धा गुण अधिक मोलाचा वाटतो. हातातील आधार सौजन्याने मिळू शकतो. गुण तसा मिळत नाही. १९५६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या जनावरांविषयीच्या कडक नियमांमुळे घोड्यांच्या ऑलिंपिक स्पर्धा स्टॉकहोमला झाल्या. तेथेही सां सीर पहिले व लिस हार्टेल दुसऱ्या आल्या. पहिले पदक हा योगायोग नव्हता, हे त्यातून ठरले.

या पदकाचा परिणाम एवढा खोल का झाला, ते समजण्यासाठी तो काळ आठवावा लागेल. पोलिओवर लस अजून सर्वांच्या हाती आली नव्हती. हेलसिंकीच्या स्पर्धा संपल्या आणि त्याच उन्हाळ्यात कोपनहेगनमध्ये पोलिओची भयंकर साथ उसळली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रोग्यांच्या गळ्यात नळी घालून, वैद्यकाचे विद्यार्थी पाळीपाळीने रात्रंदिवस हाताने रबरी पिशवी दाबीत त्यांना श्वास पुरवीत होते. अशा हाताने श्वास देणाऱ्यांची संख्या दीड हजारांच्या घरात होती. या साथीतून वाचलेल्या मुलांचे पुढे काय, हा प्रश्न घरोघरी होता. त्याच देशातील एक पोलिओग्रस्त बाई घोड्यावरून जगात दुसरी येते, ही बातमी त्या आईबापांना काय वाटली असेल, याची कल्पना आपण करू शकतो.

नॉर्वेत एल्सेबेट बोट्कर या व्यायामोपचार करणाऱ्या बाईंनी अपंग मुलांना घोड्यावर बसविण्याचे काम १९५० नंतरच्या दशकात हाती घेतले. तेथून हा विचार ब्रिटनमध्ये गेला. १९६९ मध्ये तेथे अपंगांच्या अश्वारोहणाची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. त्याच वर्षी अमेरिकेत व पुढच्याच वर्षी जर्मनीत तशाच संस्था निघाल्या. काही जण या उपचाराची वंशावळ थेट ग्रीक वैद्य हिपोक्रेटिसपर्यंत नेऊन भिडवतात. ‘हिपोस’ म्हणजे ग्रीक भाषेत घोडा, त्यावरून ‘हिपोथेरपी’ हा शब्द झाला. वैद्याच्या नावात तोच घोडा असल्यामुळे हा मोह होत असावा. आजची चळवळ मात्र आपल्या आजोबा-पणजोबांच्या नव्हे, तर आपल्या आईबापांच्या काळातली आहे.

आता प्रश्न असा की, घोडा नेमके करतो काय? घोडा पावलाने चालू लागला म्हणजे त्याची पाठ स्वाराच्या कमरेला पुढेमागे, डावीउजवीकडे हलविते व थोडा पीळही देते. माणूस चालताना त्याच्या कमरेची जी हालचाल होते, तिच्याशी ही फार जवळची आहे. म्हणजे जे मूल कधी चाललेच नाही, त्याच्या कमरेला व पाठीला चालण्याचा अनुभव मिळतो. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे जन्माच्या आगेमागे मेंदूला इजा होऊन आलेला ताठरपणा किंवा लुळेपणा असलेल्या मुलांवर याचे प्रयोग झाले आहेत. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात अशा १५ मुलांपैकी काहींना आठ मिनिटे चालत्या घोड्यावर बसविले आणि काहींना तेवढाच वेळ एका स्थिर पिंपावर. घोड्यावरच्या मुलांच्या दोन्ही बाजूंचे स्नायू अधिक सारखे काम करू लागले. पिंपावरच्या मुलांत तसे दिसले नाही. पाय फाकवून बसण्याने नव्हे, तर घोड्याच्या चालण्याने फरक पडतो, असे त्यावरून दिसते.

परंतु इतिहास सांगणाऱ्याने सोयीची बाजूच सांगू नये. २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातील अधिक मोठ्या चाचणीचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तीत ७२ मुलांची पाहणी झाली. काही दहा आठवडे घोड्यावर बसली, काही बसली नाहीत. दोन्ही गटांतील मुलांच्या हालचालींत किंवा एकंदर जीवनमानात दखल घ्यावी असा फरक आढळला नाही. तेव्हा घोडा म्हणजे अपंगत्वावरचे रामबाण औषध, असे जो सांगेल त्याच्यावर आईबापांनी विश्वास ठेवू नये. शिवाय डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेचे वरचे सांधे सैल असतात. त्यांना डॉक्टरांच्या तपासणीवाचून घोड्यावर बसविणे धोक्याचे आहे. शिकवण्याची रीतही काटेकोर असते: डोक्याला शिरस्त्राण, चढण्यासाठी उतरता चौथरा, शांत स्वभावाचा घोडा, एक माणूस घोडा धरणारा आणि गरजेप्रमाणे दोन्ही बाजूंना चालणारे दोघे.

मग एवढा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर लिस हार्टेल यांच्याच चरित्रात आहे, असे आम्हांस वाटते. घोड्याने त्यांचे पाय परत दिले नाहीत. १९४७ मध्ये, १९५२ मध्ये, १९५६ मध्येही गुडघ्यांखाली ते तसेच होते, आणि २००९ मध्ये त्या वारल्या तोवर तसेच राहिले. घोड्याने दिले ते दुसरेच काही. जमिनीवर त्या रोगी होत्या, खोगिरावर स्वार. उपचार जेथे होतो तेथे रोग्याला काहीतरी केले जाते. स्वार मात्र स्वतः काहीतरी करतो. चाकांच्या खुर्चीतले मूल दिवसभर साऱ्यांकडे मान वर करून पाहते. घोड्यावर बसले की सारे त्याच्याकडे मान वर करून पाहतात. हे कोणत्याही स्नायुमापक यंत्रावर उमटणार नाही, म्हणून ते खोटे ठरत नाही. आणि ते खरे आहे म्हणून त्याला औषधाचे नाव देण्याचेही कारण नाही. १९९६ च्या अटलांटा येथील पॅरालिंपिकपासून अपंगांचे ड्रेसाज त्या स्पर्धांत कायम आहे, यात आम्हांला या चळवळीची खरी दिशा दिसते: दवाखान्याकडून रिंगणाकडे.

आपल्या देशात पोलिओचा शेवटचा रोगी २०११ च्या जानेवारीत बंगालमधील हावडा जिल्ह्यात आढळला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. परंतु ज्यांना तो पूर्वी होऊन गेला ती माणसे आपल्यातच आहेत, आणि इतर कारणांनी अपंग झालेली मुले आपल्या गल्लीतही आहेत. घोडाही आपल्याला परका नाही. मोटारींना बंदी असलेल्या माथेरानात आजही मुले घोड्यावर बसतात. तेथे कधी एखादे लुळ्या पायांचे मूल दिसते. बाप त्याला उचलून खोगिरावर ठेवतो, आई फोटो काढते, घोडेवाला लगाम धरून चार पावले चालवतो, आणि मूल खाली उतरविले जाते. यात माया आहे, आनंदही आहे. पण मुलाने काही केले नाही. ते नुसते नेले गेले.

परदेशांतील चांगल्या वर्गांत एक दिवस असा येतो की, बाजूने चालणारे दोघे दोन पावले मागे राहतात, घोडा धरणारा दोरी सोडतो, आणि मुलाला सांगतो, आता तू वळव. घोडा कधी वळतो, कधी वळत नाही. न वळला तर पुन्हा सांगावे लागते. आपल्या गावांत असे वर्ग कधी निघतील ते निघोत. पण तोवरही अपंग मुलाला शाळेत, घरात, सहलीत घेऊन जाताना एवढे आपण करू शकतो: बसायला आधार द्यावा, आणि लगाम त्याच्या हाती द्यावा.