थंडीतले कढण : एक घरगुती इतिहास

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी लेख हवा, असा चिटणीसबाईंचा निरोप आला तेव्हा मी हुलग्यांचे कढण ढवळीत उभी होते. "तुम्ही इतकी वर्षे शाळेत इतिहास शिकविलात, इतिहासावरच काहीतरी लिहा," असे त्यांनी सांगितले होते. इतिहास म्हटला की लढाया, तह आणि सनावळ्या आपल्या डोळ्यांपुढे येतात. परंतु हातातल्या पळीकडे पाहून मला वाटले, ह्या पातेल्यालाही इतिहास आहेच की! आणि तो आपल्यापैकी प्रत्येक भगिनीच्या घरातला आहे. तेव्हा तोच सांगते.

हॉटेलात गेलो की मुले प्रथम 'सूप' मागवितात आणि आपल्याला तो इंग्रजी पदार्थ वाटतो. पण 'सूप' हा शब्द संस्कृतातही आहे. त्याचा अर्थ शिजविलेल्या डाळीचे वरण असा आहे. स्वयंपाक्याला 'सूपकार' म्हणत आणि पाककलेला 'सूपशास्त्र'. इंग्रजी शब्दाशी त्याचे नाते नाही. सारखेपणा केवळ योगायोगाचा आहे. गंमत अशी की, आपण ज्या सुपात धान्य पाखडतो ते सूप तिसरेच, संस्कृत 'शूर्प' ह्या शब्दापासून आलेले!

आपल्या आयुर्वेदाच्या ग्रंथांत पातळ, ऊन अन्नाचा विचार फार बारकाईने केलेला आढळतो. तांदूळ शिजवून शिते काढून टाकलेले पाणी म्हणजे मंड, थोडी शिते असलेली ती पेया आणि घट्टसर ती विलेपी. आपण आजाऱ्याला पेज देतो ती ह्याच 'पेया'ची लेक. चरकसंहितेत एके ठिकाणी निरनिराळ्या दुखण्यांवर अठ्ठावीस प्रकारच्या यवागू सांगितल्या आहेत. कडधान्याच्या कढणाला 'यूष' म्हणत. त्यातही नुसते शिजविलेले ते अकृत यूष आणि तूप, मीठ, सुंठमिरे वगैरे घातलेले ते कृत यूष. आज आपण बिनफोडणीचे आणि फोडणीचे म्हणतो, तसाच हा भेद.

बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा तिसरा सोमेश्वर ह्याने 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. त्यातील 'अन्नभोग' ह्या भागात राजाच्या पाकशाळेतील पदार्थांचे मोठे रसाळ वर्णन आहे. पण ते झाले राजाचे ताट. गरिबाच्या वाडग्यात काय होते हे पाहावयाचे तर जमीन खणावी लागते. पुणे जिल्ह्यात घोडनदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून पुढे अनेक वर्षे उत्खनन केले. इ. स. पूर्व १६०० ते ७०० ह्या काळातील त्या शेतकऱ्यांच्या वस्तीत चुली सापडल्या, धान्याच्या कणगीच्या जागा सापडल्या आणि जळून कोळसा झालेले धान्याचे दाणेही सापडले. त्या दाण्यांत जव, गहू, मसूर ह्यांच्या जोडीला कुळीथही होता. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी घोडनदीच्या काठी कोणीतरी बाई माघातल्या थंडीत कुळीथ शिजवीत असेल, अशी कल्पना करावयास हरकत नाही.

तिच्या त्या पातेल्यात मिरची मात्र नव्हती. मिरची आणि टोमॅटो ही दोन्ही अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतल्यानंतरच्या काळात मिरची आपल्याकडे पसरली. त्याआधी तिखटपणा मिऱ्यांचा आणि सुंठीचा. टोमॅटो तर त्याहूनही पुष्कळ उशिरा स्वयंपाकघरात रुळला. म्हणजे आज ज्याला आपण घरगुती सार म्हणतो ते टोमॅटोचे सार अगदी अलीकडचे. आमसुलाचे आणि चिंचेचे सार हे खरे जुने. उलट इकडचे कढण तिकडेही गेले. मद्रासकडे मिऱ्यांच्या पाण्याला तमिळ भाषेत 'मिळगु तण्णीर' म्हणतात. साहेबांच्या आचाऱ्यांनी त्यात मांस घातले आणि त्याचेच 'मलिगाटॉनी' सूप होऊन ते विलायतेपर्यंत पोचले.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. कोकणात कुळथाची पिठी आणि कळण, देशावर हुलग्यांचे माडगे, पुरणाच्या दिवशी कटाची आमटी, कोल्हापूर-साताऱ्याकडे मटण शिजविताना मुलांसाठी आणि आजाऱ्यांसाठी बाजूला काढलेले अळणी पाणी, आणि आमच्या नाशिक-नगरकडे थंडीत हुलग्यांच्या पिठाची शेंगोळी, रसासकट. नावे निराळी, पण हेतू एकच. थोड्या धान्यात पुष्कळ माणसांच्या पोटाला ऊब द्यावयाची.

छापील पुस्तकांत हे पदार्थ पुष्कळ उशिरा आले. रामचंद्र सखाराम गुप्ते ह्यांचे 'सूपशास्त्र' १८७५ साली निघाले आणि लक्ष्मीबाई धुरंधर ह्यांचे हजार पाकक्रियांचे 'गृहिणी-मित्र' १९१० साली. ह्या पुस्तकांनी सुशिक्षित गृहिणींचे मोठेच काम केले. पण माडग्यासारख्या पदार्थाची खरी नोंद आयांच्या आणि आज्यांच्या हातातच राहिली. त्या नोंदीतले एक पान माझ्या स्वतःच्या आयुष्यातले आहे. ते लिहिताना अजूनही संकोच वाटतो.

माझे माहेर सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात. पाऊस तिथे पाहुण्यासारखा येतो. हुलगा हे पीक थोड्या ओलीवर, हलक्या जमिनीतही तग धरते, म्हणून आमच्या घरी सगळे संपले तरी हुलगे असत. १९७२ चा दुष्काळ पडला तेव्हा मी सोळा वर्षांची होते. आई आणि मी खडी फोडावयास जात होतो. १९७३ च्या मे महिन्यात राज्यभर सुमारे ५० लक्ष माणसे दुष्काळी कामांवर होती असे नोंदलेले आहे. त्यांतल्या आम्ही दोघी. कामावर सुकडी मिळे. रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळे, त्याची भाकरी धड थापताही येत नसे. संध्याकाळी घरी आल्यावर आई भाजून दळलेले हुलग्यांचे पीठ आधी गार पाण्यात कालवी, म्हणजे गुठळ्या होत नाहीत, आणि मग ते जिरे, लसूण, मीठ घातलेल्या आधणात सोडी. सहा माणसांना दोन मुठी पीठ. माणूस वाढले की पाणी वाढे.

पुढे शिक्षक म्हणून मी १८७७ सालच्या दुष्काळाविषयी वाचले. मजुराला दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम धान्य आणि वर थोडेसे पैसे एवढी मजुरी पुरे, असे सर रिचर्ड टेंपल ह्यांनी तेव्हा ठरविले होते. तो आकडा वाचताना मला आईच्या दोन मुठी आठवल्या. दुष्काळी कामाचा हक्क कायद्याने मिळावा, म्हणून आपल्या राज्याने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. त्यामागे किती घरांतल्या अशा मुठी आहेत!

१९७६ साली माझे लग्न झाले आणि मी नाशिकला आले. सासरचे मूळ रत्नागिरीकडचे. सासूबाई स्वभावाने प्रेमळ. पहिल्याच आठवड्यात त्यांनी सहज विचारले, "सूनबाई, तुमच्याकडे रात्री काय करतात?" मी म्हटले, "वरणभात." हे साफ खोटे होते. हुलगे म्हणजे घोड्याचे खाणे, असे लग्नात कोणीतरी पाहुण्याने थट्टेने म्हटलेले मी ऐकले होते. ते माझ्या मनात बसले होते. त्यानंतर आई मला भेटावयास आली तेव्हा तिने राख चोळलेल्या हुलग्यांचे गाठोडे आणले. सासूबाईंच्या दृष्टीस पडू नये म्हणून मी ते माळ्यावर टाकले. "थंडीत करून पी हो," एवढेच आई म्हणाली.

१९७८ च्या भाद्रपदात आई गेली. त्या वर्षी निफाडकडचा गारठा नाशिकपर्यंत पोचला होता. पौषात सासूबाईंना ताप आला. दोन दिवस काही जाईना. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "कुळथाची पिठी कर गं थोडी." ती पिठी कोकणातून दळूनच येत असे आणि त्या वर्षी ती संपली होती. मी दुकानात जाऊन कुळीथ मागितले. दुकानदार हसून म्हणाला, "कुळीथ म्हणजे हुलगेच की वहिनी. आज नाहीत, सोमवारी मिळतील."

मी घरी आले, शिडी लावली आणि गाठोडे खाली काढले. राखेमुळे एकही दाणा किडला नव्हता. भाजले, पाट्यावर भरडले, चाळले आणि आईच्या रीतीने माडगे केले. सासूबाईंनी वाटी संपविली. म्हणाल्या, "पिठी पातळ झाली आहे, पण लसूण चांगला लागतोय. कोणाची पद्धत?" तेव्हा मी त्यांना सगळे सांगितले, वरणभाताचेही. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "विहीणबाईंना एकदा तरी जेवावयास बसवून हे करायला सांगायचे होतेस." आणि ते आता होण्यासारखे नव्हते. एका धान्याची दोन नावे, एवढेच मला ठाऊक नव्हते, असे मी म्हणू शकते. पण ठाऊक असते तर मी खोटे बोलले नसते, अशी खात्री मला आजही देता येत नाही.

असो. चार जणांसाठी तीन चमचे भाजक्या हुलग्यांचे पीठ घ्यावे, गार पाण्यात कालवून उकळत्या पाण्यात सोडावे, दहा मिनिटे ढवळावे आणि वरून चमचाभर तूप घालावे. ज्यांना गोड आवडते त्यांनी लसणाऐवजी गूळ घालावा. महाग वस्तू त्यात एकही नाही.

माझी मंडळाला एक विनंती आहे. येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रत्येक भगिनीने आपापल्या माहेरचे एकेक कढण करून आणावे आणि ज्या बाईकडून ते शिकले तिचे नाव, गाव मंडळाच्या वहीत लिहावे. ज्यांच्या आया हयात आहेत त्यांनी त्यांनाही बरोबर आणावे. वहीतले पहिले नाव मी माझ्या आईचे लिहीन.